डोळे मिटून कोरलेला घोडा

जालना, १२ मे १९५७

आबा,

मी धर्मराज. जिता आहे, धडधाकट आहे, जालन्यात आहे. एवढं आईला आधी सांगा, मंग पुढचं ऐका.

पत्राच्या डोक्यावर साष्टांग नमस्कार घालायची रीत मास्तरांनी चौथीत शिकवली होती. पण पाच महिन्यांमागं चारचौघांत तुमची मान खाली घातली अन् आता कागदावर लोटांगण घालायचं, हे माझं मलाच बरं वाटंना. समोर आलो की घालीन.

हे पत्र बद्रीनाथ मास्तर तुम्हाला ओट्यावर बसून वाचून दाखवत असतील. मास्तर, तुम्हाला एक विनंती. जी ओळ मी कंसात घालीन ती आबांना वाचायची न्हाई, मनातल्या मनात वाचायची. (जशी ही. आबा म्हणतील, का थांबलात मास्तर, तर चष्मा पुसा.)

चंपाषष्ठीला निघालो तो आधी शहागडला गेल्तो. ट्रकांच्या फळ्या ठोकल्या. मंग गोदावरीत होडी चालवणाऱ्या एका माणसाच्या नादी लागलो. तो एका हातानं विडी वळायचा, ते शिकण्यात पंधरा दिवस गेले. तिथून भोकरदनला एका घड्याळवाल्याकडं राह्यलो. घड्याळ उघडलं की मला त्यातलं एकेक चाक बाहेर काढून बघावं वाटायचं, अन् परत कुठलं कुठं बसवायचं ते ध्यानात राहायचं न्हाई. त्यानं हाकललं. हे कशाला सांगून राह्यलो? हां, जालन्याला कसा आलो ते.

इथं उत्तमचंद शेठ म्हणून सरकीचे व्यापारी आहेत. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले, त्यांनी बालाजीचं देऊळ बांधलं. नवरात्रात देव रोज वेगळ्या वाहनावर बसून मिरवतो, अन् आठव्या माळेला घोड्यावर. तो लाकडी घोडा वाळवीनं खाल्ला. शेठना नवा पाहिजे, सागवानी, खऱ्या घोड्याएवढा. मी म्हणलं, मी तीर्थपुरीच्या रखमाजी सुताराचा पोरगा. शेठ म्हणले, "तिथल्या खंडोबाचा घोडा केला तेच का?" मी हो म्हणलं. तुमच्या नावावर काम मिळालं, हे लपवत न्हाई.

पण घोडा तुमच्यासारखा करणार न्हाई. आबा, त्या दिवशी मी बोललो ते खोटं नव्हतं. तुमच्या घोड्याची छाती कोंबड्यासारखी वर आलेली आहे. मागचे पाय माणसाचे वाटतात. "आबांनी घोडा कधी बघितलाच न्हाई, डोळे मिटून कोरलाय," असं मी म्हणलो अन् सगळं देऊळ हसलं. रामराव पाटील तर खांबाला धरून हसले. तुमच्या हातात फडकं होतं, त्यानं घोड्याचा खूर पुसत बसलात. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी गावात राह्यलो असतो.

म्हणून एक मागणं आहे. आश्विनात आठव्या माळेला तुम्ही जालन्याला यायचं. माझा घोडा डोळे उघडे ठेवून बघायचा. अन् मंग सांगायचं, मी घरी यावं का येऊ नये. तुम्ही म्हणाल तसं करीन.

तुमची पाऊण इंची पटाशी माझ्यापाशी आहे. तिच्यासाठी आईवर चिडू नका.

धर्मराज


जालना, २६ मे १९५७

आबा,

तुमचं उत्तर आलं न्हाई. येईल असं वाटलं नव्हतं, तरी टपालवाल्याच्या वाटेवर उभा राहून राह्यलो.

इथं महबूबचाचा म्हणून एक म्हातारे आहेत. निजामाच्या घोडदळात सलोत्री होते, म्हणजे घोड्यांचे वैद्य. पलटण मोडली, घोडे लिलावात गेले, चाचा राह्यले. आता टांग्यांच्या घोड्यांना नाल ठोकतात. मी त्यांच्याकडं खुराचं माप घ्यायला गेल्तो अन् सांजेपर्यंत भाता ओढत बसलो.

ते म्हणले, "घोडा बनाने चला है? घुटना दिखा मेरे को."

मी पुढच्या पायाच्या मधल्या सांध्यावर बोट ठेवलं. तिथंच असतो गुडघा, सगळ्या जगाला माहीत आहे.

"नक्को," ते म्हणले. "ये घुटना नहीं. ये कलाई है." अन् माझं मनगट धरून वाकवून दाखवलं. "कोहनी इधर, पेट के पास. देख."

मी हात लावला. खरंच कोपर होतं, छातीला चिकटून, कातड्याच्या आत.

"मंग त्याच्या खालचा एवढा लांब पाय?"

"हात का पंजा. एक हड्डी. और खूर क्या है, मालूम? एक उंगली का नाखून." त्यांनी माझं मधलं बोट फळीवर उभं केलं अन् वरून मनगट दाबलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. "अब इसपे खडे रहो. भागो. बारात में नाचो."

आबा, त्या दिवशी मला जेवण गेलं न्हाई. स्टेशनावर जाऊन टांगे बघत बसलो. मागं चार माणसं, वर ट्रंका, वळकट्या, अन् ते जनावर एकेका बोटाच्या नखावर पळून राह्यलं होतं. बायका खाली उतरून टांगेवाल्याशी हुज्जत घालत होत्या. कुणालाच काही वाटत नव्हतं. मीही वीस वर्षं हेच बघत आलो. वाटलं, रस्त्यात उभं राहून एकेकाला धरून सांगावं. एका मुनिमाला सांगितलंही. तो म्हणला, "बरं मंग?"

मागच्या पायाचं तसंच. आपण ज्याला उलटा गुडघा म्हणतो ती टाच आहे. तुम्ही टाचेच्या जागी गुडघा कोरला, आबा. तुमच्याआधीच्यांनीही तोच कोरला असेल.

कडूबा नावाचा एक टांगेवाला आहे. त्याची पांढरी घोडी म्हातारी आहे, गरीब आहे, उभी राहते. मी रोज तिचं चित्र काढतो.

(मास्तर, तिचा डावा कान शेंड्याला फाटका आहे. रामराव पाटलांच्या घोडीचा, मैनेचा, होता तसाच, काटवणात अडकून फाटलेला. पाटलांनी रझाकारांच्या वर्षी मैना विकली, ती जालन्याला का, हे तुम्हाला माहीत असेल तर कळवा. आबांना विचारू नका. ती टांग्याला जुंपलीय हे कळलं तर ते ताटावरून उठतील.)

धर्मराज


जालना, १४ जून १९५७

आबा,

ऐकताना उठून जाऊ नका. मास्तरांना अर्ध्यावर सोडणं बरं दिसायचं न्हाई.

मी घोडा आतून बघितला.

कडूबाचं एक जनावर पोटशुळानं पडलं. तीन दिवस पडून होतं. तिसऱ्या दिवशी बाजारात अस्वलाचा खेळ आल्ता, दरवेशी अस्वलाला चिलीम ओढायला लावत होता, मी तिथून परत आलो तोवर संपलं होतं. मेलेली ढोरं ओढायचं काम पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या माथी होतं त्यांनी यंदा ते टाकून दिलंय. कडूबा त्यांच्या वस्तीत गेल्ता. तिथली एक म्हातारी म्हणली, "तुझी घोडी, तू ओढ की. तुला काय हात न्हाईत?" त्यात तिचं काय चुकलं? मंग आम्हीच बैलगाडीला बांधून कुंडलिकेच्या काठाला नेलं. चाचांनी सुरी चालवली. मी लांबून बघितलं, वाऱ्याच्या उलट्या बाजूनं.

(मास्तर, लांबून न्हाई. चाचांचे हात थरथरतात, त्यांनी नुसतं सांगितलं. मीच उघडलं. सुरीनं, अन् जिथं सुरी चालंना तिथं आबांच्या पटाशीनं.)

आबा, जे दिसलं ते कसं सांगू? तुम्ही सुतार आहात म्हणून तुम्हालाच कळेल. पुढचा पाय धडाला कुठंच जोडलेला न्हाई. मागचा आहे, त्याचा गोळा खुब्याच्या वाटीत बराबर बसलेला आहे. पण पुढचा? कुसू न्हाई, भोक न्हाई, खुंटी न्हाई. फऱ्याचं हाड, म्हणजे खांद्याचं पातं, बरगड्यांवर नुसतं टेकलेलं. मांसानं धरलेलं. मांस सोडवलं अन् अख्खा पाय फऱ्यासकट बाजूला आला, कुठं कट आवाज न्हाई का काही न्हाई. मी तो पाय धरून तसाच बसलो. चाचा म्हणले, "रख दे नीचे." मला खाली ठेवता येईना.

साध्या बाजेचा खूर बसवायचा तर आपण भोक पाडतो, कुसू घालतो, वर पाचर मारतो. अन् हा सात-आठ मण वजनाचा प्राणी पुढून नुसत्या मांसाच्या झोळीत लटकलेला. यावर माणसं बसून लढायला गेली.

चार दिवस मी ज्याला त्याला बघून हेच मनात म्हणत होतो, हा माणूस तरी कशानं जोडलेला असेल.

मापं सगळी घेतली. सुतळीला गाठी मारल्या, हाडाहाडाची वेगळी सुतळी. आता माझा घोडा चुकणं शक्य न्हाई.

(मी ज्यांच्याकडं उतरलो होतो त्या जातभाईंना कळलं. त्यांनी माझी वळकटी दारात ठेवली अन् माठाला हात लावू दिला न्हाई. हौदावरही सुतार माझ्या पाठी लागले की मी बाटलो. आता सरकीच्या गोदामात झोपतो. शेठना यातलं काही माहीत न्हाई. आईला यातलं काही सांगू नका.)

धर्मराज


जालना, २५ ऑगस्ट १९५७

आबा,

घोडा उभा राह्यला. देवळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. टाच टाचेच्या जागी, मनगट मनगटाच्या जागी. सुतळीवरच्या गाठीपासून एक सूतभर हललो न्हाई. शेठचे मुनीम चष्मा काढून, घालून, परत काढून बघतात. छातीचा तळ कोपराच्या चार बोटं खाली आला, मला जरा जास्त वाटला, पण सुतळी तेच सांगते. सुतळी खोटं बोलत न्हाई.

मधे आठ दिवस काम थांबलं होतं. गावाबाहेर तंबूत सिनेमा आल्ता. मी तिकीटवाल्याशी दोस्ती करून मशीनच्या मागंच बसायचो, पडद्यावर काय चाललंय ते बघितलंच न्हाई, नुसती चाकं बघितली. शेठनी माणूस पाठवला तेव्हा परत आलो.

तुमचं पत्र न्हाई. मास्तरांचं एक आलं, दोनच ओळींचं. (मास्तर, मैना कडूबाच्या बापालाच विकली, हे तुम्ही लिहिलंत. मला ते आधीच माहीत झाल्तं. पुन्हा त्यावर काही लिहू नका.)

आठवी माळ एक ऑक्टोबरला आहे. तुम्ही येणार न्हाई असं वाटतं. तरी शेडच्या दाराची कडी मी रोज स्वतः तेल घालून ठेवतो, तुम्हाला कडी करकरलेली आवडत न्हाई.

धर्मराज


जालना, १६ सप्टेंबर १९५७

आबा,

मास्तर, या पत्रात कंस न्हाई. सगळं वाचा. मधे पाणी प्या, पण सगळं वाचा.

काल शेठच्या आई, संतोषबाई, घोडा बघायला आल्या. ऐंशीच्या आहेत, दोन सुना दोन्हीकडून धरतात. नव्या वाहनाला पहिलं कुंकू घरच्या वडील बाईनं लावायचं अशी त्यांची रीत. ताटात कुंकू, अक्षता, गूळ. शेठ, मुनीम, पुजारी, वीसेक माणसं होती. म्हातारीनं बोट कुंकवात बुडवलं, हात वर नेला अन् तसाच ठेवला. सुनेला वाटलं हात पोचंना, तिनं आधार दिला. म्हातारीनं तो झटकला.

"भाया," ती मला म्हणली, "ओ तो मर्योडो है."

हा मेलेला आहे. असं म्हणली.

शेठ म्हणले, "माँजी, लाकडाचा आहे. त्याला काय मरण?"

"मने दीखे है," ती म्हणली. अन् बोटाचं कुंकू पदराला पुसून निघून गेली. मेलेल्याला कुंकू कसं लावायचं?

कुणी हसलं न्हाई. तेच वाईट. चंपाषष्ठीला लोक हसले होते तरी. इथं माणसं घोड्याकडं बघत मागं सरकली. पुजाऱ्यानं ताट उचललं. मुनीम माझ्याकडं असं बघून राह्यले जसं काही त्यांना कुठून तरी वास येत होता.

सगळे गेल्यावर मीही बघितलं. अन् मला दिसलं, आबा. तीन महिने रोज बघत होतो, तेव्हा दिसलं नव्हतं. एकेक हाड बराबर, अन् घोडा मेलेला. छाती दोन फऱ्यांच्या मधे खाली बसलेली, जशी गोणी दोन खांद्यांच्या मधे लोंबावी. पळत कडूबाच्या टांग्याकडं गेलो. त्यानं नवा घोडा घेतलाय. सुतळी लावली. जित्या घोड्याची छाती माझ्या घोड्याहून चार बोटं वर. दुसऱ्या टांग्याला लावली. तिथंही चार बोटं. चाचांकडं गेलो. ते नाल घासत होते, मान वर केली न्हाई. म्हणले, "मुर्दे का नाप लिया तूने. मुर्दाच बनेगा."

आता ज्या ओळी कंसात असायला पाहिजे होत्या त्या.

ते जनावर म्हणजे मैना होती. रामराव पाटलांची. मी पहिल्या दिवशीच कानावरून ओळखली. महिनाभर तिचं चित्र काढलं, गूळ चारला, तुम्हाला कळवलं न्हाई. चाचांनी न्हाई, मी तिला उघडलं, अन् तुमच्या पटाशीनं उघडलं.

अजून आहे. तिसऱ्या दिवशी चाचा म्हणले होते, उठवून उभी केली अन् चालवली तर वाचेल, चार दांडगी माणसं लागतील, पळत जा अन् घेऊन ये. मी निघालो. बाजारात अस्वलाचा खेळ होता. मी उभा राह्यलो. परत आल्यावर चाचांना म्हणलो, नादी लागलो. त्यांनी मानलं, मी कसा आहे ते सगळ्यांना माहीत आहे. पण मी नादी लागलो नव्हतो. अस्वलानं काय केलं ते मला एवढंही आठवत न्हाई, चिलमीचं मी मागाहून ऐकलं. मी नुसता उभा होतो. मला तिच्या आतलं बघायचं होतं, अन् ती जिती होती तोवर बघता येत नव्हतं. सकाळीच सुरीला धार लावून ठेवली होती.

चार माणसं आणली असती तरी ती वाचली असती का, चाचा सांगत न्हाईत. विचारलं की नाल घासतात.

शेपटीचे केस तेवढे आधी कापून ठेवले. फडक्यात बांधून उशाला आहेत. का ठेवले ते मला सांगता येत न्हाई.

अन् हे सगळं झाल्यावर काल सांजेला मला एक आठवलं. मी सहा-सात वर्षांचा असेन. तुम्ही खंडोबाचा घोडा कोरत होता. रोज सकाळी मला पाटलांच्या तबेल्यात घेऊन जायचात अन् मैनेच्या पाठीवर बसवायचात. खाली वाकून तिच्या छातीखाली तळहात धरायचात. अन् डोळे मिटायचात. मी चुळबूळ केली की म्हणायचात, "बस गप." मंग मला उतरवायचात, परत बसवायचात. पंधरा-वीस वेळा. मला कंटाळा यायचा, मला ती गंमत वाटायची न्हाई. चंपाषष्ठीला मी जे बोललो, डोळे मिटून कोरलाय, ते हेच आठवून बोललो होतो.

काय लागत होतं तुमच्या हाताला?

पंधरा दिवस राह्यले. शेठ म्हणले, आठव्या माळेपर्यंत घोडा असाच राह्यला तर देव त्या दिवशी पालखीतून जाईल अन् घोडा जळणात. मला घोड्याचं वाईट वाटत न्हाई. म्हणजे वाटतं. पण मैना त्यासाठी गेली, अन् ती जळणातही तशीच जाणार, मेलेली.

मी घरी यावं का, हे आता विचारत न्हाई. एवढंच विचारतो, हाताला काय लागत होतं. मास्तरांकडून एका ओळीत कळवलं तरी चालेल.

धर्मराज


जालना, १ ऑक्टोबर १९५७, सकाळ

मास्तर,

हे पत्र तुमच्या नावानं, कारण आबा इथं आहेत. शेडच्या दारात बसून दातण करून राह्यले. मी लिहितोय हे त्यांना दिसतंय, कुणाला लिहितोय ते विचारलं न्हाई.

माझं पत्र तुम्ही वाचून दाखवलं त्याच दिवशी ते निघाले असतील. एकवीस तारखेला सकाळच्या बसनं उतरले. हत्यारांची पेटी डोक्यावर. मी हौदावर होतो, तिथं आपले सगळे जातभाई अंघोळी करत होते. मला दहा हात सोडून. आबांना बघून सगळे उठले, रखमाजी बाबा आले, रखमाजी बाबा बसा, पाणी घ्या. आबांनी पेटी खाली ठेवली, माझ्याकडं आले अन् हात पुढं केला. माझ्या तांब्याकडं. मी म्हणलो, आबा, मी बाटलोय, यांनी सांगितलं न्हाई का तुम्हाला. ते म्हणले, "मास्तरांनी वाचलं मला. पाणी दे." सगळ्यांच्या देखत गटागटा प्याले अन् तांब्या परत दिला. मंग तीन दिवस कामापुरतं सोडून माझ्याशी एक शब्द बोलले न्हाईत.

शेडमध्ये गेले, घोड्याभोवती फिरले. मागच्या पायाच्या टाचेवर बोट फिरवलं, खूप वेळ. स्वतःची टाच दाबून बघितली. मंग परत घोड्याची. मी वाट बघत होतो काहीतरी म्हणतील. पुढं आले, छाती बघितली, अन् करवत मागितली.

माझा घोडा त्यांनी पुढून उतरवला. दोन्ही पाय फऱ्यासकट वेगळे केले, जसे मी तिचे केले होते. मला बाहेर जावं वाटलं. "धर इकडं," म्हणले, म्हणून थांबलो.

चौथ्या दिवशी बोलले ते एवढंच, "टांगेवाल्याचा घोडा घेऊन ये. अन् साज काढून आण."

घोडा आणला. मला म्हणले, "बस."

मी वीस वर्षांचा बाप्या. बसलो. ते खाली वाकले, छातीखाली तळहात धरला अन् डोळे मिटले. बारा-तेरा वर्षांनी. म्हणले, "उतर." उतरलो. "बस." बसलो. चाचा दारात उभे होते, नाल हातात. दहा-बारा वेळा झालं. मी चुळबूळ केली न्हाई.

मंग आबा उठले, हात धोतराला पुसला अन् म्हणले, "आता मी बसतो. तू हात लाव."

मास्तर, आबा कधी घोड्यावर बसलेले न्हाईत. पाटलाच्या घोडीवर सुतार कसा बसेल? पोराला बसवलेलं पाटलांनी चालवून घेतलं, म्हणून तर मला न्यायचे. हे मला त्या क्षणाला कळलं, त्याआधी एकदाही न्हाई. मी अन् चाचांनी मिळून त्यांना वर चढवलं. आयाळ दोन्ही हातांनी धरून बसले. म्हणले, "डोळे मीट. बघू नको."

मी तळहात धरला. मला वाटलं वजनानं छाती खाली येईल, हाताला दाबेल. बाज दबते तशी, फळी दबते तशी. मास्तर, ती वर गेली. आबा बसले अन् छाती हातापासून वर सरकली. एवढीशीच, दोन बोटं. आत काहीतरी गोळा झालं अन् त्यानं माणसाचं वजन उचलून धरलं. मी दचकून हात काढला. आबा वरून म्हणले, "काढू नको. परत लाव."

ज्याला सांधा न्हाई, ते त्याला स्वतःला धरावं लागतं. उभं आहे तोवर दर घडीला. मेलं की सोडतं. मी ते सोडलेलं मोजलं.

आम्ही मिळून छाती चढवली. पाचरा मारून, चार बोटं, अन् वर आबांची दोन. ती दोन कशाला म्हणून विचारलं तर म्हणले, "देव बसणार हाय ना वर." पाय मात्र माझेच ठेवले. टाचेला, मनगटाला त्यांनी रंधासुद्धा लावला न्हाई. काल शेवटी म्हणले, "खंडोबाच्या घोड्याची टाच चुकली माझी. तेरा वर्षं लोक तिच्या पाया पडून राह्यले." मला वाटलं रागावलेत. न्हाई. घाबरलेले दिसले.

शेपटीला शेठनी चवरीचे केस आणले होते. आबांनी विचारलं, "तिचे कुठं हायेत?" मी उशाखालचं फडकं दिलं. त्यांनी ते केस कुंडलिकेच्या पाण्यात धुतले, वाळवले अन् एकेक बट करून बसवले. त्या वेळी मी दाराकडं तोंड करून उभा होतो. त्यांनी मला वळायला सांगितलं न्हाई. अस्वलाबद्दल ते आजवर काही बोललेले न्हाईत. बोलतील असं वाटत न्हाई. माझी पटाशी, म्हणजे त्यांची, त्यांनी पेटीत परत घातली, आधी राखेनं घासून, किती वेळ घासून.

आत्ता संतोषबाई येऊन गेल्या. दोन सुना, ताट, कुंकू. म्हातारी लांबच थांबली. मंग पुढं आली अन् कुंकू लावलं. जाताना घोड्याच्या शेपटीवरून हात फिरवला. आबांनी मान खाली घातली.

दुपारी देव बसेल. भोई आत्तापासूनच खांद्याला फडकी गुंडाळून राह्यले. आम्ही मिरवणूक देवळाच्या दारातून बघणार, पुढं जाणार न्हाई, कारण सांजेची बस धरायची आहे. हे आबा म्हणले, मी विचारलं न्हाई. नुसतं म्हणले, "सांजेची बस किती वाजता?" मी म्हणलो साडेपाच. ते म्हणले, "मंग तुझी वळकटी आत्ताच बांध, ऐन वेळी कशाच्या तरी नादी लागशील."

मास्तर, हे पत्र आमच्यानंतर पोचेल. तरी आईला वाचून दाखवा. पाण्याचं वाचा, घोड्यावर बसल्याचं वाचा, ती हसेल. मैनेचं वाचायचं का न्हाई ते तुम्ही ठरवा. मला कंस कुठं घालावा कळंना.

धर्मराज रखमाजी सुतार